दगडापेक्षा वीट मऊ!

तर झालं असं की, एका रविवारी दुपारी एका टोमॅटोने माझा भर किचनमध्ये अपमान केला.

मी सुरी ठेवली, हलकेच दाबली. टोमॅटो ढिम्म. जरा जास्त दाबली, तर कापला जायच्याऐवजी पठ्ठ्या बसका झाला. मग मीही इरेला पेटले आणि दिला जोर. टोमॅटो फच्चकन फुटला, बिया टी-शर्टवर आणि सुरी सटकून थेट डाव्या अंगठ्यावर. दोन टाके पडले. वर डॉक्टरांचा खवचट प्रश्न, ‘‘स्वयंपाकाची फारशी सवय नाही वाटतं?’’

सवय आहे हो! सुरीला धार नाही, एवढाच प्रॉब्लेम. बोथट सुरी भाजी कापत नाही, हात मात्र बरोब्बर कापते. कारण ती चालावी म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावला की ताबा सुटतो. हे ज्ञान मला टाके पडल्यावर झालं. तुम्हाला फुकटात देतेय.

बरं, ही सुरी काही स्टेशनबाहेर टोपलीत मिळणारी नाही. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या असाइनमेंटचं पेमेंट चक्क वेळेवर आलं (फ्रीलान्सरच्या आयुष्यात ही घटना खग्रास सूर्यग्रहणाइतकीच दुर्मिळ), तेव्हा स्वतःच स्वतःला दिलेलं गिफ्ट आहे ते. अस्सल जपानी! नवी होती तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी कागद हवेत धरून कापून दाखवायचे. आता तीच सुरी पाव कापतानाही हुंदके देते. आई तर फोनवर म्हणालीच, ‘‘तुझ्या त्या जपान्यापेक्षा माझी विळी बरी. वीस वर्षांत एकदा तरी रुसलीय का?’’

म्हणून ठरवलं, धार लावायचा दगड घ्यायचा. दगडच तर घ्यायचाय, त्यात काय एवढं?

नॅचरल की फ्रोजन पराठा?

माझा एक मित्र आहे. सोमवार ते शुक्रवार आयटीवाला, शनिवार-रविवार शेफ. त्याला विचारलं, तर त्याने मला थेट कॅटेगरीतच अडकवलं. ‘‘नॅचरल घेणार की सिंथेटिक?’’

‘‘फरक काय?’’

‘‘अगं, सिंथेटिक म्हणजे फ्रोजन पराठा! काम होतं, पण आत्मा नाही. घ्यायचा तर नॅचरल घे. क्योटोच्या खाणीतला.’’ आणि पाच मिनिटांत लिंक हजर. फोटोत एक करडा, साबणाच्या वडीएवढा दगड. किंमत अठ्ठावीस हजार रुपये. कस्टम ड्युटी वेगळी. माझ्या वाट्याच्या फ्लॅटभाड्यापेक्षा जास्त!

आता खरं सांगते, मी तो दगड कार्टमध्ये टाकला होता. ‘नॅचरल’ हा शब्द दिसला की आपली अख्खी पिढी विरघळते. नॅचरल शाम्पू, नॅचरल ज्यूस, नॅचरल रंगातला कुर्ता. मग दगडाने काय घोडं मारलंय? बोट ‘बाय नाऊ’वर गेलंच होतं, तेवढ्यात डोंबिवलीहून बाबांचा फोन आला.

‘‘दगडाला अठ्ठावीस हजार? डोकं ठिकाणावर आहे ना? आजोबांचा निसणा आहे की पेटीत. अस्सल नदीतला. तो ने.’’

माझे आजोबा कोकणात सुतारकाम करायचे. रंधा, पटाशी, करवत हे त्यांचं जग आणि निसणा म्हणजे त्यांचा धार लावायचा दगड. आमच्या घरातल्या पुराणाप्रमाणे तो आजोबांनी गावच्या नदीतून स्वतः शोधून काढला होता. म्हणजे घरचाच नॅचरल स्टोन, तोही फुकट! मी कार्ट तशीच ठेवली आणि म्हटलं, आधी जरा अभ्यास करू. मासकॉमला असताना एवढं तरी शिकवलं होतं.

गारगोटीचा महिमा

आधी बेसिक फंडा. धार लावणं म्हणजे सुरीत काही भरणं नाही, तर सुरीतलं काहीतरी काढून टाकणं. पात्याच्या दोन्ही बाजू घासत घासत अशा आणायच्या, की त्या एका बारीक रेषेत मिळतील. ही रेषा जितकी बारीक तितकी सुरी चलाख. आता पोलाद घासायचं, तर घासणारी वस्तू पोलादापेक्षा कडक हवी. खनिजांचा कडकपणा मोजायची मोहस नावाची एक पट्टी आहे. तिच्यावर संगजिरं सगळ्यात मऊ म्हणून १ आणि हिरा सगळ्यात कडक म्हणून १०. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, ७ वर. सुरीचं कडक केलेलं पोलाद तिच्या जरासं खाली किंवा बरोबरीला.

म्हणून जगातले बहुतेक नामांकित नॅचरल दगड गारगोटीच्याच घराण्यातले. क्योटोच्या आसपास मिळणारे आवासेदो नावाचे बारीक दगड बघा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी अतिशय सावकाश साचत गेलेला हा गाळ. त्यात क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म कण मातीत घट्ट बसलेले. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला नोवाक्युलाइट तर जवळजवळ निव्वळ सिलिकाच. त्याचं नावच मुळी लॅटिनमधल्या वस्तऱ्यावरून आलंय. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात कोटिक्यूल नावाचा पिवळसर दगड मिळतो. त्याची गंमत वेगळी. त्यात गारगोटीचं नाही, तर गार्नेटच्या बारीक कणांचं काम चालतं. पत्रिका बघून आपण अंगठीत गोमेद घालतो ना, तोही गार्नेटच्याच कुळातला!

आणि अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एकोणिसाव्या शतकात एका दगडाचा जोरात धंदा चालायचा, त्याचं नाव ‘हिंदोस्तान’. आपला त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. दगड तिकडचाच, नाव फक्त आपलं. ब्रँडिंगचा हा उद्योग तेव्हापासूनचा आहे तर!

मग आपल्या सह्याद्रीचं काय? आपण तर दगडांच्या देशा! पण आपला काळा बेसॉल्ट ज्या खनिजांचा बनलाय, ती बहुतेक गारगोटीपेक्षा मऊ. जात्याला, पाट्या-वरवंट्याला तो एक नंबर. विळा-कोयताही त्याच्यावर निभावतो. पण वस्तऱ्याची धार मागाल तर सॉरी.

नॅचरल दगडाचं खरं वैशिष्ट्य म्हणजे त्यातले कण एका मापाचे नसतात. त्यामुळे पोलादावर उठणारे ओरखडेही एकसारखे नसतात आणि पात्यावर एक मंद, धुकट झाक येते. जपानमध्ये तलवारीला पॉलिश करणारे कारागीर शेवटच्या टप्प्यांना आजही नॅचरल दगडच वापरतात, ते याचसाठी. तलवारीच्या पोलादातली वीण आणि धारेलगतची नक्षी त्यातून उठून दिसते. आता त्या भागातल्या बहुतेक खाणी बंद पडल्यात. म्हणून ती अठ्ठावीस हजारांची किंमत.

पण गोची अशी, की हाच गुण नवशिक्याच्या मुळावर येतो. एकाच खाणीतले दोन दगड सारखे नसतात. दगडावर नंबर नसतो. मध्येच एखादी कडक रेघ निघाली, तर धारेचं वाटोळं. तो हातात घेऊन, पाणी टाकून, पातं फिरवून पारखावा लागतो. आणि पारखणार कोण? जिला टोमॅटो कापता येत नाही ती?

हजार अंशांची वीट

आता फ्रोजन पराठ्याकडे वळू. १८९१ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचा गृहस्थ कृत्रिम हिरे बनवायच्या मागे लागला होता. हा एकेकाळी एडिसनकडे काम केलेला माणूस. त्याने माती आणि कोक एकत्र करून त्यातून विजेचा जबरदस्त प्रवाह सोडला. हिरे काही मिळाले नाहीत, पण चमचमणारे स्फटिक हाती लागले. ते काचेवर सहज ओरखडे काढत होते. हे होतं सिलिकॉन कार्बाइड. मोहसच्या पट्टीवर ९ च्याही वर! आपण कार्बन आणि कुरुंद यांचं मिश्रण बनवलंय असा अ‍ॅचिसनचा गैरसमज झाला, म्हणून त्याने नाव दिलं ‘कार्बोरंडम’. पुढे १८९५ मध्ये स्वस्त वीज मिळावी म्हणून कारखाना थेट नायगाराच्या धबधब्यापाशी नेला.

धारेच्या दगडांतला दुसरा हिरो म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. तो बॉक्साइटपासून बनतो. हो, तेच बॉक्साइट, जे आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडेही निघतं. याचा कडकपणा ९. या दोघांपैकी एकाचे कण घ्यायचे, चाळून एका मापाचे करायचे, चिनीमातीसारख्या चिकट मातीत मळायचे, साच्यात दाबायचे आणि हजार अंशांच्या वर भाजायचे. झाला दगड तयार! काही दगडांत मातीऐवजी रेझिन किंवा मॅग्नेशियाचं सिमेंट असतं, एवढाच फरक. थोडक्यात, सिंथेटिक दगड म्हणजे पराठा नाहीच. ती एक पक्की भाजलेली वीट आहे.

या विटेवर छापलेला नंबर म्हणजे कणांचं माप. नंबर मोठा तितका कण बारीक. २२० ते ४०० म्हणजे तुटक्या-फुटक्या धारेचा गॅरेजवाला. १००० म्हणजे रोजचा डॉक्टर. यातला कण केसाच्या जाडीच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. ३००० पासून पुढे म्हणजे ब्युटी पार्लर. आज घेतलेला १००० चा दगड आणि त्याच कंपनीचा पाच वर्षांनी घेतलेला १००० चा दगड सारखाच वागणार. सरप्राइज नाही.

वीट कामालाही फास्ट असते. आणि आपल्या स्टेनलेस सुऱ्यांच्या बाबतीत तर हा मोठाच मुद्दा आहे. स्टेनलेसमधलं क्रोमियम पोलादातल्या कार्बनशी जमवून घेतं आणि आत बारीक बारीक, भलते कडक खडे तयार होतात. ते गारगोटीपेक्षाही कडक असतात. अशा सुरीवर नॅचरल दगड बिचारा घासत बसतो. सिलिकॉन कार्बाइड आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ते मुकाट्याने कापतात. म्हणजे जुन्या साध्या पोलादाची जुन्या दगडाशी दोस्ती आणि नव्याची नव्याशी.

तोटे? आहेत ना. भरड वीट नवशिक्याच्या हातात दिली, तर दहा मिनिटांत सुरीचा आकार बदलते. शिवाय मध्येच घासत राहिलं तर मऊ विटेला खड्डा पडतो. आणि मॅग्नेशियावाला दगड रात्रभर पाण्यात ठेवला, तर त्याला तडे जातात.

आपली सराण काय नॅचरल होती?

एवढं वाचून झालं आणि खालून आवाज आला, ‘‘चाकूऽऽ, कात्रीला धाऽऽर!’’ आमच्या गल्लीत सायकलवरचा धारवाला अजूनही येतो. स्टँडवर सायकल उभी करायची, पेडल मारायचं, पुढचं छोटं चाक गरागरा फिरतं आणि ठिणग्यांची दिवाळी. मी धावत खाली. म्हटलं, हे खरं पारंपरिक ज्ञान! विचारलं, ‘‘भैया, ये पत्थर नॅचरल है ना?’’

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘‘दुकान से लाते हैं, मॅडम. घिस गया तो नया.’’

आणि मग ट्यूब पेटली. तो ‘पारंपरिक’ धारवाला वापरतो ती वीटच! कारखान्यात बनलेली. ही काही आजची गोष्टही नाही. आपल्याकडे शिकलगार लोक तरवारींना धार लावायचे, ती त्यांची फिरती सराण तरी कुठे निव्वळ दगडाची होती? कुरुंदाची पूड लाखेत घोळवून चाक बनवायची पद्धत या देशात फार जुनी. कण वेगळा, चिकटवणारा पदार्थ वेगळा, मग एकजीव करायचं. म्हणजे आजच्या सिंथेटिक दगडाचीच आयडिया. भट्टीच्या जागी लाख, एवढंच. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही तमिळमधल्या ‘कुरुंदम’वरून गेलाय. अ‍ॅचिसनच्या कार्बोरंडमच्या शेपटीला जो ‘रंडम’ आहे ना, तो इथून तिकडे गेलेला!

आणि नव्या जमान्यातल्या विटाही आपल्याला परक्या नाहीत. मद्रासमध्ये १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जातो त्या उरणच्या मोऱ्याला ग्राइंडिंग व्हील बनू लागली होती. गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात जो राखाडी, दोन रंगांचा ‘कारबोरंडमचा दगड’ मिळतो, तो याच खानदानातला. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा.

(जाता जाता एक सूचना. विळी, कात्री, साधी सुरी बिनधास्त धारवाल्याकडे द्या. पण पातळ, कडक पोलादाची महागडी सुरी त्या कोरड्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडतात तिथे धार तापते आणि एकदा का ती तापून निळी पडली, की पोलादाचा कडकपणा गेला.)

पेटीतला दगड

पुढच्या शनिवारी डोंबिवलीला गेले. बाबांनी माळ्यावरून आजोबांची पेटी काढली. वर पटाश्या, एक रंधा आणि तळाशी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला निसणा. काळाकुट्ट. वर्षानुवर्षांचं तेल आणि लोखंडाचं कीट बसून गुळगुळीत झालेला. मध्ये असा खड्डा, जणू पळीच. बाबांनी तो दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

‘‘पूर आला की नवे दगड वाहून यायचे. त्यातला हा आजोबांनी पारखून घेतलेला.’’

मी तो बेसिनमध्ये नेला. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. काळं कीट सुटायला लागलं. आणि दगडाच्या कडेला एक रेघ दिसली. सरळ. पट्टीने मारल्यासारखी. रेघेच्या वर फिकट राखाडी, खाली गडद. वरची बाजू बारीक, खालची भरड.

नदी सरळ रेघ मारत नाही हो.

मला दोन मिनिटं कळेना, बाबांना सांगू की नको. ते मागेच उभे होते. रेघ त्यांनीही बघितली. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितली.

‘‘कारबोरंडम,’’ ते म्हणाले.

मग बराच वेळ गप्प. बाबांना वाईट वाटलं असणार, साठ वर्षं जपलेली गोष्ट होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, ‘‘आजोबा वर्षातून एकदा मुंबईला यायचे. नागदेवी स्ट्रीटवरून हत्यारं न्यायचे. तिथूनच आणला असेल. आणि धार लावायला जायचे नदीवर. पाणी हाताशी असायचं ना. मी पाच-सहा वर्षांचा, शेजारी बसायचो. ते हात घालून दगड पाण्यातून काढायचे, घासायचे, परत पाण्यात ठेवायचे. मला वाटायचं, नदीतूनच काढतायत.’’

म्हणजे गोष्ट अगदीच खोटी नव्हती. दगड खरंच नदीतून बाहेर यायचा. फक्त तो तिथे आधी कसा गेला, ते त्या पाच वर्षांच्या मुलाने पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, ‘‘मग आजोबांना नॅचरल-सिंथेटिक काही कळायचं?’’

‘‘त्यांना धार कळायची,’’ बाबा म्हणाले आणि एका पटाशीवर अंगठा आडवा फिरवून बघू लागले. पंचवीस वर्षं पेटीत पडलेली पटाशी. तरी त्यांनी अंगठा जरा जपूनच फिरवला.

मग जिंकलं कोण?

आजोबांचा दगड माझ्या सुरीला चालला नाही. अरुंद पटाशी त्या खड्ड्याच्या कडेकडेने सांभाळून घासता येते, पण वीतभर लांब पातं पळीवर कसं घासणार? मी कार्ट रिकामी केली आणि एक साधा दोन बाजूंचा सिंथेटिक दगड मागवला. एक बाजू १०००, दुसरी ६०००. दोन हजारांच्या आत काम झालं. पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सुरीला ओरखडे पडले. चौथ्या दिवशी टोमॅटोवर सुरी नुसती ठेवली आणि ओढली. काप असा पातळ पडला, की पलीकडचं दिसत होतं. मी एकटीच किचनमध्ये ओरडले.

आयटीवाल्या मित्राने मात्र तोवर तो क्योटोचा दगड घेऊनही टाकला होता. मग काय, टेस्ट तर व्हायलाच हवी! त्याच्या दोन सारख्या सुऱ्या घेतल्या. दोन्ही आधी १००० वर घासल्या. मग एकीला माझ्या ६००० च्या विटेवर फिनिशिंग, दुसरीला त्याच्या नॅचरलवर. त्याच्या रूममेटने मुठींना टेप गुंडाळला, म्हणजे कुठली कुठली ते कळू नये. मग टोमॅटो, कागद, कांद्याची पात. तीन राउंड. मित्राने एकदा बरोबर ओळखलं, दोनदा चुकला. मी तिन्ही वेळा चुकले!

पण न्यायाने बोलायचं, तर त्याच्या दगडावर सुरी फिरवण्याचा जो फील आहे, तो माझ्या विटेवर नाही. लोण्यावरून हात फिरवावा तसं वाटतं. आणि पात्यावर ती धुकट झाक आली, ती खरंच सुंदर होती. मित्र ती खिडकीपाशी नेऊन पाच मिनिटं बघत होता. त्याला त्यातून आनंद मिळतो, तर अठ्ठावीस हजार त्याचे, आनंदही त्याचा. ‘चांगली धार नॅचरलशिवाय येत नाही’ हे मात्र त्याने मला परत ऐकवू नये.

माझं मत विचाराल तर, वस्तऱ्याने दाढी करत असाल, साध्या पोलादाची हत्यारं वापरत असाल किंवा चार वर्षं हात बसला असेल, तर नॅचरल दगडाच्या वाटेला जरूर जा. तोवर दगडापेक्षा वीट मऊ! कारण नवशिक्याला एकावेळी एकच गोष्ट शिकता येते. वीट कशी वागणार हे पक्कं माहीत असतं, त्यामुळे चूक झाली तर ती आपल्या हाताची असते आणि ती सुधारता येते. नॅचरल दगडावर चूक झाली, तर हाताची की दगडाची हेच कळत नाही.

पहिला दगड घेताना

एकच दगड घ्यायचा तर १००० चा. दोन बाजूंचा असेल तर दुसरी बाजू ३००० ते ६००० ची.

दगड पाण्यात भिजवायचा की नुसतं पाणी शिंपडायचं, ते बॉक्सवर लिहिलेलं असतं. ते वाचा. सगळ्यांना एक नियम नाही.

दगडाखाली ओलं फडकं घाला. दगड सरकला की बोट गेलं.

पात्याचा कोन सांभाळा. चार सेंटिमीटर रुंद पात्याचा कणा दगडापासून साधारण एक सेंटिमीटर वर धरला, की १५ अंशांच्या आसपास कोन मिळतो. जपानी सुरीला तेवढा बस्स.

एक बाजू घासल्यावर दुसऱ्या बाजूला बारीकशी खरखरीत कड हाताला लागते. वर्कशॉपवाले तिला ‘बर’ म्हणतात. ती टोकापासून मुठीपर्यंत लागली की बाजू बदला. बर आलीच नाही, तर धारेपर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत. बोट धारेवरून लांबीने फिरवू नका, पात्याकडून धारेच्या बाहेर आडवं न्या.

दगडाला खड्डा पडायला लागला, की काचेवर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड सपाट करून घ्या.

हा शेवटचा मुद्दा मी बाबांना फोनवर सांगितला आणि सांगता सांगता जीभ चावली. कारण आजोबांच्या दगडालाही तोच उपाय लागू होता. सपाट केला, तर तो पुन्हा कामाचा होईल. पण मग तो खड्डा जाणार. तो खड्डा म्हणजे आजोबांच्या आयुष्यभराच्या पटाश्या. मी म्हटलं, ‘‘राहू दे बाबा, तो तसाच ठेवू या.’’

परवा डोंबिवलीला गेले, तर गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बाबा बसलेले. पुढ्यात काच, पॉलिश पेपर, मगभर पाणी. हात कोपरापर्यंत राखाडी. त्यांनी भरड बाजू सपाट करून घेतली होती. बारीक बाजूचा खड्डा तसाच ठेवलेला.

‘‘आईच्या विळीला हवी होती जरा,’’ ते म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, ‘‘माझ्या विळीला हात लावाल तर याद राखा!’’